तिरका पंखा

हाचियामुळे माझ्या पोटात दुखायचं, हे आधीच कबूल करतो. जपानातल्या हामामात्सुच्या या गॅरेजात मी बावीस वर्षं राबलो. त्याला येऊन जेमतेम सात वर्षं झाली, आणि गिऱ्हाईक दारातूनच विचारणार, "हाचिया-सान आहेत का?" मी समोर उभा असलो तरी!

आमच्या म्हाताऱ्या मालकांना आम्ही ओयाजी म्हणतो. ते मार्चमध्ये काम थांबवणार होते. इंजिनांचं ट्यूनिंग आम्हा दोघांपैकी एकाकडे जाणार होतं, आणि ते जानेवारीतल्या मोजणीवर ठरणार होतं. डोंगराकडून कोरडा गार वारा सुटला की आम्ही दरवर्षी गाड्यांची ताकद मोजतो. गार हवा दाट असते, टर्बोला ती मानवते. आमच्या दोघांच्या गाड्या सारख्याच, चौदाशे सीसीच्या टर्बो हॅचबॅक. ट्यूनिंग मात्र ज्याचं त्याचं.

आधी माझी गाडी ताकद मोजायच्या रोलरवर चढली. चाकं जागच्या जागी गरगरली, इंजिन किंचाळलं, कागद बाहेर आला. एकशे बाहत्तर हॉर्सपॉवर. कारखान्यातून निघाली तेव्हा एकशे चाळीस होती.

"काय दादा, कमाल केलीत!" हाचिया म्हणाला. "आता माझी काही धडगत नाही."

त्याला खरोखर आनंद झाला होता. त्यानेच माझा जास्त जळफळाट झाला.

गाडीपुढे मोठा पंखा लावणं माझं काम. रोलरवर गाडी जागची हलत नाही, म्हणून पंख्याचा वारा बंपरमागच्या जाळीवर पडावा लागतो. टर्बोने दाबून तापवलेली हवा तिथेच निवते. हाचियाच्या वेळी मी पंखा वीतभर तिरका ठेवला. वारा जाळी सोडून चाकावर जायला लागला. हे मी जाणूनबुजून केलं.

एकशे अडुसष्ट.

हाचियाची मान खाली गेली. मला इतकं बरं वाटलं, की लाजही वाटली नाही.

ओयाजींनी चष्मा चढवून कागद वाचला. "आत जाणारी हवा एकाहत्तर अंश? कात्सुरा, तुझ्या वेळी तर चौतीस होती."

तो रकाना कधी कोणी वाचत नाही. सगळे मोठा आकडा बघतात.

"गाडी तापली असेल," मी म्हणालो.

"अरे, भाजून निघाली! आणि असल्या हवेवर एकशे अडुसष्ट? तरी इंजिनाने एकदाही खडखड केली नाही. तुझी गाडी दीडशेलाच धापा टाकेल."

मग गुडघ्यावर हात दाबत ते पंख्यापाशी वाकले.

"थांबा ओयाजी, मी करतो."

"नको."

त्यांनी पंखा स्वतः सरळ केला. पुन्हा मोजणी झाली. एकशे एक्क्याऐंशी.

भिंतीवरच्या फळ्यावर आकडे लिहिणंही माझंच काम. मी खडू उचलला.

"दोन्ही लिही," ओयाजी म्हणाले. "अडुसष्ट आणि एक्क्याऐंशी, शेजारी शेजारी. दोन्ही वेळा मोजणीला तूच होतास."

मी लिहिले. फळा पुढच्या जानेवारीपर्यंत पुसायचा नसतो.

आता ट्यूनिंग हाचिया करतो. एकाच गाडीचे दोन आकडे कसे, असं गिऱ्हाइकं विचारतात. मी पाना शोधायला लागतो, आणि तो हसून सांगतो, "पहिल्या वेळी माझ्याच पायाने पंखा सरकला होता."

सगळ्यांना पटतं. खोटंसुद्धा तो माझ्यापेक्षा चांगलं बोलतो.