रॅकवरची पहिली जागा

तीन नंबरच्या बाळाच्या काचपेटीतून डॉक्टरांनी हात बाहेर काढला, कोपराने झाकण लोटलं आणि तोच हात ते चार नंबरच्या पेटीत घालायला निघाले.

"डॉक्टर!"

खांबाआडून आवाज आला तसे ते दचकले. हात तसाच अधांतरी राहिला.

"ताई... तुम्ही आत आहात?"

दुधाच्या वाट्या पुसत बसलेली मावशी धडपडून उठली. तिने आधी ताईंकडे पाहिलं, मग मान वळवून काचेच्या दारापलीकडच्या रॅककडे.

"अगंबाई! पण तुमच्या चपला तर नाहीत बाहेर!"

बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली. पण सुटलेला शब्द काय परत घशात जातो? डॉक्टर गुपचूप दारापाशी गेले आणि बेसिनवर खसाखसा हात धुऊ लागले.

ताई हिशेब लावत उभ्या राहिल्या. या इस्पितळात अकरा वर्षं त्यांचं एकच काम होतं, लोकांच्या हातांवर नजर ठेवणं. रोग्याला हात लावण्याआधी कोणी हात धुतले, कोणी नाही, हे वॉर्डावॉर्डात उभं राहून वहीत टिपायचं. धुतले तर खूण, नाही तर फुली. त्यांच्यामागे लोक त्यांना साबणताई म्हणत. म्हणेनात का! साबणाने कोणाचं वाईट झालंय? आणि बाळांचा हा कक्ष म्हणजे तर त्यांच्या कौतुकाचा विषय. इथे शंभरातल्या ब्याण्णव वेळा हात धुतले जात. तो आकडा त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दारावर लावला होता.

आज सकाळी जिन्यात त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी जोड गेटवरच्या शिवणाऱ्याकडे टाकला आणि वरच्या मजल्यावर बाळंतीण लेकीच्या खाटेखालच्या सपाता पायात सरकवल्या. बाहेरच्या रॅकवर त्या सपाता कोण ओळखणार? ओळखीच्या होत्या त्या जाड तळाच्या, तपकिरी, पिवळ्या शिवणीच्या चपला. त्या रॅकवर दिसल्या की हात धुवायचे, नाही दिसल्या की ये रे माझ्या मागल्या. वर गंमत अशी, की पादत्राणं बाहेर काढायचा नियम ताईंनीच भांडून आणला होता. रॅकही त्यांनीच मागून घेतला होता. म्हणजे अकरा वर्षं त्या वहीत आपल्या चपलाच टिपत होत्या.

आणि चार नंबरच्या पेटीत त्यांचा नातू होता. सात आठवडे आधी आलेला, चौदाशे ग्रॅमचा, चार दिवसांचा. तीन नंबरच्या बाळाला कालपासून ताप होता. गेल्या महिन्यात ज्या जंतूने दोन बाळं नेली, तोच त्याच्या रक्तात सापडला होता.

डॉक्टर निथळत्या हातांनी परत आले. तिशीही न गाठलेला माणूस, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी तळवे ताईंसमोर धरले. बोटांच्या पेरांवर कातडी फाटून लाल झाली होती.

"ताई, बावीस बाळं आहेत. बेसिन एक, तेही दारात. दर बाळामागे तिथवर जाऊन यायचं म्हटलं, तर माझी एक फेरी संपेस्तोवर दुसरीची वेळ होते. मग औषधं कधी देऊ?"

"पेटीपेटीला हातांना चोळायच्या औषधी द्रवाच्या बाटल्या मागवल्यात मी."

"हुक आलेत," डॉक्टर म्हणाले. "बाटल्या नाहीत."

प्रत्येक पेटीच्या कडेला एकेक चकचकीत हुक लागला होता, हे खरंच होतं. नऊ अर्ज झाले होते. वरून नऊ वेळा उत्तर आलं होतं, विषय विचाराधीन आहे. ताईंना त्या डॉक्टरांचा राग यायला हवा होता, पण तो येईना. राग आला असता तर बरं झालं असतं, निदान कोणावर तरी ओरडता आलं असतं.

त्या दिवसभर तिथेच बसल्या, चार नंबरजवळ, स्टुलावर. जो जवळ येई तो आधी बेसिनवर जाई. साडेचारला मोठ्या सिस्टर आल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या,

"ताई, पाचला तुमची ड्युटी संपते. पाचनंतर तुम्ही ताई नाही, आजी. आणि आजीची जागा काचेबाहेर."

"मी कशाला हात लावणार नाही."

"बाकीच्या एकवीस आज्यांना काय सांगू मग? नियम तुमचाच आहे."

नियम त्यांचाच होता. करावं तसं भरावं म्हणतात, पण हे भरणं त्या बोटभर जिवाच्या वाट्याला का यावं?

वर लेक खाटेवर बसून दूध काढत होती. आईला पाहताच तिचा चेहरा उजळला.

"आज घरी जाऊन नीट झोप हं आई. किती ओढलीयेस बघ."

"त्याला बघून आले. झोपलाय."

"मला नाही बाई काळजी. शेजारची रडते सारखी. मी तिला म्हटलं, माझी आई असताना त्या खोलीत कोणाची बिशाद आहे वेडंवाकडं करायची!"

ताईंनी दुधाच्या वाटीवर झाकण ठेवलं. ते नीट बसलं होतं तरी पुन्हा दाबलं. सांगावं का हिला? सांगून ही काय करणार, टाके पडलेल्या अंगाने बेसिन उचलून पेटीजवळ नेणार? त्यांनी सपाता खाटेखाली होत्या तशा लावून ठेवल्या आणि अनवाणीच खाली उतरल्या.

गेटवर चपला शिवून तयार होत्या. त्या पायात घालून ताई परत आत आल्या, बाळांच्या कक्षाबाहेरच्या रॅकपाशी थांबल्या आणि चपला काढून पहिल्या जागेवर ठेवल्या. पिवळी शिवण दाराकडे केली. मग त्या रॅकमागच्या खांबाआड उभ्या राहिल्या. या वयात चोरासारखं उभं राहताना त्यांचं त्यांनाच हसू आलं. डोळेही भरले.

आत डॉक्टर तीन नंबरपाशी वाकले होते. ते सरळ झाले. सवयीने त्यांची नजर काचेतून बाहेर गेली, रॅकवर टेकली. मग ते वळले, सबंध कक्ष ओलांडून बेसिनपाशी आले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटापर्यंत हात धुतले. परत जाऊन त्यांनी चार नंबरच्या पेटीत हात घातला.

चालतंय! ताईंना टाळी वाजवावीशी वाटली. एक रात्र निघेल. कदाचित दोन. तोवर बाळाला वीस-पंचवीस ग्रॅम तरी चढतील. इतक्यावर कोणी नातू वाचवतं का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. आपली युक्ती खुळी आहे हे कळण्याइतक्या त्या शहाण्या होत्या, पण दुसरी सुचत नव्हती.

मागच्या जिन्याने त्या बाहेर पडल्या. फरशी गार होती, फाटकापलीकडचा रस्ता अजून तापलेला. बसथांब्यावर दोन माणसांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. ताईंनी पदर नीट केला आणि बस येते त्या बाजूला बघत राहिल्या. पोळू दे पाय. चपला जागेवर आहेत ना, मग झालं.

"ताई! अहो ताई!"

मावशी धावत येत होती. तिला धाप लागली होती, केस सुटले होते, आणि तिने दोन्ही हातांनी काहीतरी छातीशी धरलं होतं.

"काय बाई तुमचा विसराळूपणा! चपला राहिल्या की रॅकवर. मघाशी तुम्ही मागच्या जिन्याने जाताना खिडकीतून दिसलात, अनवाणी! मी डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, ताई गेल्या होय? मग पळ, देऊन ये आधी. पोळतील म्हाताऱ्या माणसाचे पाय."

मावशी खाली बसली. तिने चपला त्यांच्यापुढे जोडून ठेवल्या, तळव्याने वरची धूळ झाडली, मग एकेक पाऊल हातात धरून खालची माती पुसली आणि ते चपलेत सरकवलं. इतक्या मायेने ताईंच्या पायाला आजवर कोणी हात लावला नव्हता.

"आता कसं! जाते हं मी. तुमच्या नातवाचीच दुधाची वेळ झालीये, नळी मलाच धरायचीय."

"मावशी, हात..."

"हो हो, कळलं!" मावशी हसली, दोन्ही तळवे पदराला पुसले आणि आली तशी धावत सुटली.