अख्खं समुद्रकमळ

दगड म्हणजे माझ्या डोक्याला कायमचा ताप. आंघोळीच्या टबात दगड, जिन्यावर दगड, माझ्या ठेवणीतल्या बुटांतसुद्धा दगड. लग्नानंतर बायकोचं हे खूळ जाईल, असं मला वाटलं होतं. कुठलं जातंय! आयुष्यभर बस चालवली मी, पण रविवारी पाय ताणून पडायचं सोडून डर्बिशायरातल्या झाडून सगळ्या खाणींत एनिडच्या मागे चहाचा थर्मास घेऊन हिंडलो.

तिला एकच हवं होतं, अख्खं समुद्रकमळ. नाव कमळाचं, पण हा प्राणी. आमचे हे डोंगर समुद्राच्या तळाशी होते तेव्हा तो देठावर उभा राहून पाण्यात हात हलवायचा. त्या देठांचे दगड झालेले तुकडे आमच्याकडे पैशाला पासरी. पोरंटोरं त्यांना स्क्रू म्हणतात. पण देठ, वरचा पेला आणि पेल्याचे सगळे हात एकसंध, असं एनिडला कधीच मिळालं नव्हतं. कुणाला मिळाल्याचं कानावर आलं की दोन दिवस घरात अबोला. जणू मीच चोरून नेलंय!

आमच्या जीवाश्म शोधणाऱ्यांच्या मंडळात एक जुनी चाल आहे. ज्याला काही सापडेल त्यानं आपली टोपी त्यावर ठेवायची. मग दुसऱ्यानं तिथे हात लावायचा नाही. ही चाल पडली कापडी टोप्यांच्या काळात, पण स्पेंडलव्हसारखी माणसं असल्यामुळे ती टिकली. हा दातांचा निवृत्त डॉक्टर. तुम्ही दगडावर वाकलात की हा आलाच तुमच्या खांद्याशी. "बघू, बघू काय मिळालं," म्हणेपर्यंत हातोडी बाहेर.

त्या रविवारी फाटकापाशी खाणीच्या मुकादमानं नेहमीचा पाढा वाचला. हेल्मेट काढायचं नाही. कड्याच्या खाली जायचं नाही. ढिगावर कुणी खाली असेल तर त्याच्या वरच्या अंगाला दुसऱ्यानं चढायचं नाही. वर हेही म्हणाला, की सोमवारपासून हा सगळा ढीग भरडायला जाणार आणि यापुढे मंडळाला आत सोडणार नाहीत. एनिडचा चेहरा पडला.

"आज नाही तर कधीच नाही, लेन," ती म्हणाली.

"मग बडबड कमी कर आणि शोध," मी म्हणालो. ती हसली आणि चालू लागली.

जेवायच्या वेळेला मी सँडविचांचा डबा उघडून तिला हाक मारणार, तेवढ्यात तीच ओरडली, "लेन! अरे लेन, ये लवकर! हात आहेत याला! सगळे हात आहेत!"

असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. लहान पोरीसारखी नाचत होती ती. तो आवाज स्पेंडलव्हनंही ऐकला. एक सापडलं म्हणजे शेजारी दुसरं असणार, म्हणून गडी नियम गुंडाळून तिच्या वरच्या अंगाला धावत चढला. त्याला येताना पाहिलं आणि एनिडनं या मंडळात सगळे करतात तेच केलं. डोक्यावरचं काढलं आणि दगडावर ठेवलं.

"हेल्मेट घाल!" मी बोंबललो.

स्पेंडलव्हच्या बुटाखालून धोंडा सुटला. फार मोठा नव्हता, पावाएवढा. हेल्मेट असतं तर शिव्या घालून मोकळी झाली असती.

ती वाचली. लोक म्हणतात, नशीब. मीही मान हलवतो. हिवाळा इस्पितळात गेला. घरी आली तेव्हा मला ओळखत होती, चहात साखर किती हवी ते सांगत होती, शेजारणीची नक्कलसुद्धा करत होती. पण घरभर मांडलेले दगड तिला कळेनात. टबातला एक दगड उचलून म्हणाली, "गवंडी विसरले वाटतं."

डॉक्टर म्हणाले, जिवापाड आवडलेली एखादी वस्तू दाखवा, कधी कधी गाडी रुळावर येते. मी लगेच समजलो, कोणती वस्तू ते. त्या दिवशी स्पेंडलव्हनं तो दगड खाणीतून उचलून नेला होता आणि दातांच्या दवाखान्यातल्या सुयांनी हिवाळाभर साफ करत बसला होता. माझ्याशी बोलायची त्याची हिंमत नव्हती, आणि त्याच्याशी बोलायची माझी इच्छा नव्हती. पण मी फोन केला. तो म्हणाला, "उद्या आणतो."

आणलं त्यानं. टेबलावर ठेवून वरचं फडकं काढलं. खरं सांगतो, दगडांचा मी जन्माचा वैरी, पण मीही पुढे होऊन बघत राहिलो. देठ, पेला आणि वर उघडलेले ते नाजूक हात. एकही मोडलेला नव्हता.

एनिड वाकली. हळूच एका हातावरून बोट फिरवलं. मी मनात घोकत होतो, आठव, बाई, आठव.

"अगं बाई, काय सुंदर!" ती म्हणाली. "केवढं बारीक काम! तुम्ही कोरलंत?"

स्पेंडलव्ह म्हणाला, "नाही हो. हे तुम्हाला सापडलं."

"मला?" ती खो खो हसली. "मी कशाला जाते दगडधोंड्यांत? लेन, सांग ना यांना!"

स्पेंडलव्ह टोपी चुरगाळत निघून गेला. मी तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. पावसापाण्यात हिंडलेल्या खाणी, ते अबोले, आणि "हात आहेत याला" म्हणून नाचणं, सगळं. ती डोळे मोठे करून ऐकत होती, कुणा परक्या बाईची हकीकत ऐकावी तशी. माझं बोलणं संपल्यावर तिनं पुन्हा त्या दगडावरून बोट फिरवलं.

"बिचारी," ती म्हणाली. "पण शेवटी मिळालं ना रे तिला?"

"हो," मी म्हणालो. "मिळालं."