लाल टोक काकूंचं

मित्रांनो, आमच्या कोपऱ्यावर कशावरही पैज लागते. समोरच्या गॅलरीतलं धुणं वाळायच्या आधी खाली पडेल का, यावरही लागलेली मी पाहिली आहे. पण परवाची पैज सगळ्यात येडपट होती. एका विधुर घड्याळजीचं कुणा बाईशी जुळलंय की नाही, यावर! आणि पैज लावणाऱ्यांत तो घड्याळजी स्वतः.

"काका, लपवू नका आता," इस्त्रीवाला म्हणाला. त्याचं टेबल लायब्ररीच्या दाराला चिकटून आहे. हाताने कपडे दाबतो, तोंडाने गल्ली. "नव्या कादंबरीत मागच्या चिठ्ठीवर तुमची निळी ओळ, आणि खाली लाल ओळ. काकू जाऊन वर्ष झालं. ही कादंबरी आली गेल्या महिन्यात. मग लाल कोण लिहितंय?"

"मला काय माहीत?" काका म्हणाले आणि त्यांनी शर्टाचा खिसा दाबून धरला.

"अक्षरसुद्धा काकूंसारखंच तिरकं! आवड काही बदलली नाही हं तुमची."

"गप रे. कुणी बाई नाही."

"आहे! आठ दिवसांत शोधून दाखवतो. लावता पैज?"

"लावली!" काका रागाच्या भरात बोलून गेले.

ठरलं असं, की रविवारी संध्याकाळी, भर गर्दीच्या वेळी, हरलेल्याने स्टुलावर उभं राहून लायब्ररीत कालच आलेल्या, इस्त्रीवाल्याने चोरून चाळलेल्या दुसऱ्या एका कादंबरीचं चौदावं प्रकरण मोठ्याने वाचायचं. आख्खं. त्या प्रकरणात नायक-नायिका बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अकरा पानं अडकतात आणि लिफ्ट सोडून बाकी सगळं चालू होतं. इस्त्रीवाला एवढा हसला की गिऱ्हाइकाचा सदरा जळता जळता वाचला.

मी हसले नाही. मी काकांच्या खिशात होते. लाल कोण लिहितं हे मला माहीत होतं, कारण ते मीच लिहिते.

मी एक जुनी लाल-निळी पेन्सिल आहे. जुनी म्हणजे वयाने नाही, झिजेने. आता उरलेय बोटभर. कारखान्यात एकाच लाकडात एका बाजूने लाल शिसं घातलं, दुसऱ्या बाजूने निळं, वर रंग फासला आणि मला डझनाच्या खोक्यात झोपवलं. पाठीला पाठ लावून राहायचं, पण तोंडं दोन दिशांना. म्हणजे जन्मतःच माझा संसार झालेला होता म्हणा ना!

काकांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान जिन्याखाली आहे. दोन माणसं बसली की तिसऱ्याने फक्त डोकं आत घालायचं. डोळ्याला भिंग लावून घड्याळाचं पोट उघडायचं काम काकांचं. पट्टे बदलणं, सेल घालणं आणि गिऱ्हाइकाच्या चौकशा करणं काकूंचं. दोघांत लायब्ररीचं एकच कार्ड. दुपारी काकू वाचणार, संध्याकाळी काका. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखा मारायची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, तिच्या खालच्या मोकळ्या जागेत दोघं आपापलं मत लिहिणार. निळं टोक काकांचं, लाल काकूंचं. एकतीस वर्षं हेच चालू होतं. माझ्या आधीच्या कितीतरी बहिणी या भांडणात झिजून गेल्या.

लायब्ररीवाल्या मावशी आधी खूप ओरडल्या. "पुस्तक आहे की भिंत?" मग त्यांच्या लक्षात आलं, लोक पुस्तक हातात घेतात ते आधी मागची चिठ्ठी बघायला. मग ओरडणं बंद!

नमुने सांगते. तीन पिढ्या एका पेटीच्या किल्लीवरून भांडतात, अशी एक सहाशे चाळीस पानी कादंबरी गाजत होती. काकांनी लिहिलं, 'घराण्याचं भारदस्त चित्रण. डोळे पाणावले.' खाली लाल: 'किल्ली दुसऱ्याच पानावर आजीच्या कमरेला आहे. सगळ्यांना चष्मे करा.'

दुसरी डॉक्टरची. साथ आली म्हणून तो प्रेयसीला सोडून दूर निघून जातो आणि परतच येत नाही. निळं: 'त्याग!' लाल: 'त्याग कसला, पळपुटा. एक पत्र टाकायला काय झालं होतं?'

आणि ती खुनाची! काकांनी लिहिलं, 'शेवटपर्यंत खुनी कळत नाही.' काकूंनी चाळिसाव्या पानालाच छातीठोक लिहून ठेवलं होतं, 'सारखा कुत्र्याचे लाड करतो तो.' खुनी निघाला वकील. काकूंनी माघार घेतली असेल? छे! खाली लिहिलं, 'लेखकाची चूक.'

मित्रांनो, त्या बाईच्या हाताची मला फार सवय झाली होती. अशी दाबून लिहायची की आठवड्यातून दोनदा माझं लाल टोक मोडायचं. काका कुरकुरत ब्लेडने टोक करायचे. "हळू लिही गं, कागद फाटेल." "फाटू दे. मत हळू लिहायचं नसतं." म्हणून मी लाल बाजूने भराभर आखूड झाले. मला त्याचं काही वाटलं नाही. वापरलं की झिजायचंच. उलट अभिमान होता.

काकू आजारी पडल्या तेव्हा मी त्यांच्या शेवटच्या खोक्यातली शेवटची होते. दवाखान्यातही मी उशीखाली. काका तिथे बसून वाचून दाखवायचे. शेवटच्या दिवसांत काकूंना मला धरता येईना, तर त्या नुसतं तोंड वाकडं करायच्या आणि काका म्हणायचे, "कळलं, आवडलं नाही." मग एके दिवशी काका प्रकरण संपवून थांबले, वर पाहिलं, आणि तोंड वाकडं करणारं कुणी नव्हतं.

तीन महिने मी दुकानाच्या खणात होते. स्प्रिंगा, स्क्रू, बंद पडलेले सेल आणि मी. मला वाटलं, झालं, आपण भंगारात. मग एका दुपारी काकांनी मला बाहेर काढलं. मी म्हटलं, चला, कुणाला तरी आठवण झाली! समोर नवी कादंबरी होती. त्यांनी निळ्या टोकाने लिहिलं, 'वातावरण छान उभं केलंय.' आणि थांबले. खालच्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. मग मला हळूच फिरवलं.

लाल टोकाने त्यांनी लिहिलं, 'वा.'

अहो, वा? काकू? त्या बाईने एकतीस वर्षांत कुठल्या लेखकाला वा म्हटलं नाही! मला खरं तर हसूच आलं. पण तो एक शब्द लिहायला काकांनी घड्याळाचा सगळ्यात बारीक स्क्रू बसवायला लागतो त्याहून जास्त वेळ घेतला होता, म्हणून आवरलं.

हळूहळू त्यांचा हात बसला. तिरकं अक्षर जमलं. टोमणेही जमले. 'नायिकेला शिंक येत नाही का कधी?' 'एवढ्या पावण्यांचा चहा कोण करतं ते लिहा.' लायब्ररीत लोक हसायला लागले आणि काका दारात उभं राहून ते हसणं ऐकायचे. पण ते दाबून लिहीत नसत. तेव्हापासून माझं लाल टोक त्यांच्या हातून एकदाही मोडलं नाही. ते वाचवत होते मला. लाल आता जेमतेम एक पेर उरलं होतं.

आणि त्यातच ही पैज!

इस्त्रीवाल्याने आठ दिवस गल्ली डोक्यावर घेतली. शिकवणीवाल्या बाईंना विचारलं, "लाल पेन्सिल वापरता का?" त्या म्हणाल्या, "तुझ्या मुलाच्या वहीवर रोज वापरते, बघत नाहीस का?" दवाखान्यातल्या सिस्टरने तर गणवेशाची इस्त्रीच दुसरीकडे टाकली. बाई काही सापडेना.

इकडे काका दुकानात बसून लिफ्टची कादंबरी वाचत होते. संपली. निळ्याने लिहिलं, 'संवाद चुरचुरीत. मध्ये जरा लांबलंय.' मग मला फिरवलं. लाल टोक कागदावर टेकवलं. आणि काही येईना. गिऱ्हाईक आलं, पट्टा बदलून गेलं. दुसरं आलं. मी तशीच त्यांच्या बोटांत. "काय म्हणाली असतीस गं?" काका पुटपुटले. काकू जे जे बोलायच्या ते सगळं त्यांनी एवढ्या महिन्यांत लिहून टाकलं होतं. जुना साठा संपला होता. आणि नवं काही बोलायला ती बाई नव्हती.

तेवढ्यात मावशींनी दुकानात डोकं घातलं.

"काका, मला पहिल्या 'वा'पासून माहिती आहे," त्या म्हणाल्या. "पुस्तक पहिलं तुमच्याकडेच जातं. चिठ्ठी लिहायला दुसरं कोण येणार? सांगून टाका की मीच लिहितो. पैज जिंकाल."

काकांनी भिंग काढलं. "जिंकेन. मग?"

"मग काय? सुटलात."

"मग लाल ओळ कोणी वाचणार नाही, मावशी. वाचली तरी म्हणतील, बिचारे काका. आज म्हणतात, काय बोलते बाई! बोलते म्हणतात हो. अजून."

जाताना मावशींनी उगाच एका चालू घड्याळाची वेळ नीट केली.

मित्रांनो, मी एक थोटकी पेन्सिल. तुम्हाला काय शिकवणार? पण एक सांगते. पेन्सिली जपाच, टोक जमिनीवर आपटू नका. पण त्याहून जास्त, तुमच्याशी फालतू गोष्टीवरून वाद घालणारं माणूस घरात असेल ना, तर त्याला मध्येच तोडू नका. कंटाळून 'बरं बाई, तुझंच खरं' म्हणू नका. भांडा. पुरतं भांडून घ्या. 'हो' मी कुणाच्याही हातून लिहीन. 'अजिबात नाही' लिहायला तेच माणूस लागतं.

रविवारी कोपऱ्यावर ही गर्दी! इस्त्रीवाल्याने टेबल आवरून स्टूल मांडलं होतं. बाई सापडली नव्हती, म्हणून चेहरा पडलेला, पण गडी शब्दाचा पक्का. कादंबरी हातात घेऊन त्याने एक पाय स्टुलावर ठेवला.

"हरलो म्हणायचं मी," तो म्हणाला. "पण काका, एक सांगा. बाई नाही, तर लाल लिहितं कोण? भूत? की तुम्हीच?"

लोक हसले. सगळ्यांचे डोळे काकांवर. मावशी दाराची चौकट धरून उभ्या. खिशातून मला काकांचं काळीज ऐकू येत होतं. त्यांच्या दुकानातलं एकही घड्याळ एवढं बिघडलेलं नव्हतं.

"उतर खाली," काका म्हणाले. "हरलो मी. आहे एक बाई."

मग काय विचारता! शिट्ट्या, टाळ्या. सिस्टर ओरडली, "काका, छुपे रुस्तम!" कोणीतरी म्हणालं, "आत्ता कुठे वर्ष झालंय काकूंना." त्याला दुसऱ्याने गप्प केलं. काकांनी दोन्ही ऐकलं. मान खाली घालून दोन्ही घेतलं. इस्त्रीवाल्याने त्यांना हात देऊन स्टुलावर चढवलं आणि पुस्तक दिलं.

काका वाचायला लागले. लिफ्ट बंद पडली, दिवा गेला, नायिकेने नायकाचा हात धरला. गल्ली हसून लोळत होती. काकांचा आवाज नायिकेच्या वाक्यांना बारीक व्हायचा आणि फाटायचा. लोकांना वाटलं, मुद्दाम नक्कल करतायत.

पाचव्या पानाला इस्त्रीवाला ओरडला, "थांबा, थांबा! याला तुमच्या बाई काय म्हणाल्या ते वाचा आधी!"

काकांनी मागचं पान उघडलं. निळ्या दोन ओळी. खाली कोरी जागा, आणि तिच्यात टेकवून टेकवून उमटलेला एक लाल ठिपका.

"अजून काही बोलली नाही," काका म्हणाले.

"बोलेल हो, बोलेल!" इस्त्रीवाल्याने मनापासून धीर दिला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काकांनी चष्मा काढून पुसला. परत लावला. बोट घालून ठेवलेलं पान उघडलं आणि पुढे वाचायला लागले. अजून सहा पानं बाकी होती, आणि पैज आख्ख्या प्रकरणाची होती.