रेड ऑक्साइड

आधीच सांगून टाकतो, मला रडगाणी ऐकायला आवडत नाहीत. कोणी दुकानात येऊन घरचे पाढे वाचायला लागला की मी सरळ पत्रा घासायचा ग्राइंडर चालू करतो. त्या आवाजात काही ऐकू येत नाही आणि माणूस दोन मिनिटांत वाटेला लागतो. पण ही गोष्ट आहे माझ्या भावाची आणि त्याच ग्राइंडरची. त्यामुळे माझा तो उपायही खुंटला.

आम्ही दोघे भाऊ पत्र्याचं काम करतो. जुन्या गाड्यांचे दरवाजे, मडगार्ड, आख्ख्या केबिनी, जे जे बाजारात मिळत नाही ते हाताने बनवायचं. चाळीस वर्षं झाली. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मला वेल्डिंग त्यानेच शिकवलं, म्हणजे शिव्या घालून शिकवलं. माझा टाका जाड आला की म्हणायचा, "हे काय, पत्र्याला गळू झालंय का?" आणि सगळं तोडून परत करायला लावायचा. तेव्हा इतका राग यायचा की वाटायचं, हातोडी टाकावी आणि चालू पडावं. एकदा पडलोही. संध्याकाळी भूक लागली तसा परत आलो.

दीड वर्षापूर्वी दादा विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग गिऱ्हाइकं, मग एकदा दुकानातून घरी जायचा रस्ता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते मी मुद्दामच लक्षात ठेवलं नाही. म्हणाले, यातून मागे येणं नाही, फक्त किती हळू पुढे जायचं ते बघायचं. वाहवा! एवढं सांगायला तासभर बाहेर बसवून ठेवलं.

पुतणी दुसऱ्या शहरात असते. ती म्हणाली, आई-बाबांना मी घेऊन जाते. पोरगी गुणाची आहे, वाईट बोलवत नाही. पण तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, दाराला बाहेरून कुलूप लावणार, बाबा कुठे भरकटू नयेत म्हणून. मी विचारलं, "आणि दिवसभर तो करणार काय?" ती म्हणाली, "काका, टीव्ही आहे." टीव्ही! ज्या माणसाने आयुष्यात कधी रिकामा हात मांडीवर ठेवला नाही, तो टीव्ही बघणार. माझं डोकंच फिरलं. फोनवर नको ते बोललो आणि नंतर दोन दिवस मलाच जेवण गेलं नाही.

त्याच सुमारास तो ट्रक सापडला. भंगारवाल्याकडे जाड पत्रा बघायला गेलो होतो, दादाला सोबत घेऊन. मागे कोपऱ्यात गोल नाकाचा जुना ट्रक उभा, गंजून तांबडा झालेला. दादा सरळ त्याच्यापाशी गेला. दरवाजाच्या दुमडलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ही घडी माझी आहे." मला वाटलं, घ्या, आता हेही सुरू झालं. खाली वाकून पाहिलं तर खरंच की! आम्ही दोघांनी मिळून बांधलेली पहिली केबिन. त्या आठवड्यात त्याला माझं नाव दोनदा आठवलं नव्हतं, आणि पत्र्याची घडी मात्र बरोबर ओळखली.

मी ट्रक ओढून दुकानात आणला आणि वहिनीला सांगितलं, "वहिनी, हा ट्रक उभा राहीपर्यंत दादाला माझ्याकडे येऊ द्या. मग तुम्ही म्हणाल ते."

वहिनी थकलेली होती. रात्री-बेरात्री दादा उठून दार उघडायचा. तरी ती हो म्हणाली. "पण एक लक्षात ठेवा, भावजी. ज्या दिवशी ह्यांच्या हातून काम होत नाही असं दिसेल, त्या दिवशी माझ्यापासून लपवायचं नाही."

मी म्हटलं, "नाही लपवणार." किती सहज म्हटलं!

पहिले दोन महिने सोन्यासारखे गेले. दादा सकाळी यायचा, चष्मा चढवायचा आणि गंज काढायला बसायचा. हातोडीने पोपडे पाडायचे, ग्राइंडरला वायर ब्रश लावून पत्रा उघडा करायचा, गंज मारायचं औषध लावायचं, धुवायचं, लगेच कोरडं करायचं आणि त्यावर रेड ऑक्साइड प्राइमरचा हात. हा सगळा क्रम त्याच्या हातात होता, डोक्याला विचारायची गरजच नव्हती. मी समोर कुजलेले भाग कापून नवीन पत्रे बसवत होतो. मधूनच तो ओरडायचा, "टाका बारीक घे रे, गाढवा!" आणि मला इतकं बरं वाटायचं, काय सांगू.

मग प्राइमर पुरेना. डबा आणला की चार दिवसांत तळ दिसायचा. मला वाटलं दादा जाड हात मारतोय. एका सकाळी लवकर येऊन बघत उभा राहिलो.

रेड ऑक्साइड कसा दिसतो माहीत आहे ना? तांबडा, तपकिरी, खरखरीत. थेट गंजासारखा. दादा आला, आदल्या दिवशी स्वतःच रंगवलेल्या, केबिनचं छत तोलणाऱ्या दरवाजाच्या खांबासमोर उभा राहिला, चुकचुकला आणि म्हणाला, "बाप रे, काय गंज चढलाय!" आणि ग्राइंडर चालू केला.

तो रोज तोच गंज काढत होता. दोन महिने. रोज थोडा रंग आणि रंगाखालचा थोडा पत्रा.

मी काय काय केलं नाही! राखाडी प्राइमर आणला. तर दादा म्हणतो, "हा कोणी फासलाय? खाली काहीतरी लपवलंय याने," आणि सगळा खरवडून काढला. खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'झालं'. त्याने फडक्याने पुसलं आणि मला सुनावलं, "खडूवर कसला विश्वास ठेवतोस? पत्र्याला विचार." एकदा ग्राइंडर लपवला. तर तो दिवसभर दुकानभर शोधत फिरला, कपाटं उघडली, माझ्यावर चोरीचा आळ घेतला आणि शेवटी एका कोपऱ्यात बसून रडला. माझा दादा! मी मुकाट्याने ग्राइंडर आणून दिला.

त्यानंतर मी जे केलं ते मला आजही धड समजावून सांगता येत नाही. दुपारी जेवण झालं की दादा तासभर खाटेवर पडायचा. त्या तासात मी त्याने झिजवलेला पत्रा कापायचो आणि नवीन बसवायचो. डाव्या मडगार्डचा गोल भाग मी तीनदा ठोकून बनवला. तीनदा! हात भरून यायचे. तो उठायचा, नवा पत्रा बघायचा, त्यावर प्राइमर मारायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच प्राइमरला गंज समजून घासायला बसायचा. ट्रक पुढे सरकतच नव्हता. आणि खरं सांगू? मला तेच हवं होतं. ट्रक झाला असता तर दादा पुतणीकडे गेला असता.

वहिनी विचारायची, "कुठवर आलं?" मी म्हणायचो, "होतंय, होतंय. जुनं काम आहे, वेळ लागतो." चांगलं तोंड वर करून सांगायचो.

फक्त दरवाजाच्या खांबाला मला हात लावता येत नव्हता. तो बदलायचा तर छत उचलून धरावं लागतं, तासाभरात होत नाही. मी रोज म्हणायचो, उद्या बघू.

परवा दुपारी वहिनी चहाचा थर्मास घेऊन दुकानात आली. दादा खुशीत होता. म्हणाला, "ये, तुला केबिनमध्ये बसवतो." वहिनी हसली. किती महिन्यांनी हसली असेल. तिने पायरीवर पाय ठेवला, वर चढायला दरवाजाचा खांब धरला आणि अंगाचा भार दिला. खांब वाकला. वाकला म्हणजे तिच्या मुठीत चेपला गेला, डब्याच्या झाकणासारखा. वरून छत करकरत एक वीत खाली आलं. मी धावत जाऊन तिला मागे ओढलं. लागलं नाही कुठे. 

दादा पुढे झाला. चष्मा कपाळावर सरकवला आणि खांबावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"कागद केलाय," तो म्हणाला.

 तो जुना आवाज होता. टाके तोडायला लावणारा. कित्येक महिन्यांनी दादा पुरता भानावर होता, आणि नेमका आत्ता.

"कोणाला ठेवलंयस तू कामाला?"



त्याने दरवाजा पाहिला, मडगार्ड पाहिलं, वाकून पायरीखाली हात घालून पाहिलं. बोटाने टिचक्या मारत सगळ्या ट्रकभोवती फिरला. कुठेच भरीव आवाज येईना. मला वाटलं आता शिव्या पडतील. पडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शिकलेला हात आहे रे," तो हळूच म्हणाला. "बघ, घासणी कशी एकसारखी आहे. कुठे ओरखडा नाही. तरुण पोरं एवढा जीव लावून घासत नाहीत. म्हातारा आहे ना कोणीतरी?"

"हो," मी म्हणालो.

"त्याला कळत नाहीये कुठे थांबायचं ते. आज वहिनी पडली असती तुझी. उद्या हा ट्रक रस्त्यावर गेला असता तर ड्रायव्हर मेला असता. त्याला काढ. आजच काढ. परत त्याच्या हातात ग्राइंडर देऊ नकोस."

वहिनी माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. इतक्या महिन्यांचं माझं 'होतंय, होतंय' तिला त्या चेपलेल्या खांबात दिसलं असणार.  ती पदराने तोंड दाबून उभी राहिली. तिने मला फैलावर घेतलं असतं तर मी काहीतरी उलट बोललो असतो, माझा स्वभावच तसा आहे. पण बोलायला जागाच ठेवली नाही तिने.

"दादा, त्याला दुसरं काहीच येत नाही," मी म्हणालो.  "हे काम गेलं तर तो जाईल कुठे?"

दादाने विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "पण सांगायला लागतं. आणि हे बघ, तुझं तोंड फार वाईट आहे. त्याच्यावर ओरडू नकोस. आयुष्य गेलं असेल बिचाऱ्याचं यात. आधी बसव, पाणी दे, मग सांग. घरचं माणूस असेल तर त्याच्यासमोर सांग, म्हणजे घेऊन जायला कोणी असेल."

मी काय करणार? स्टूल पुढे ओढलं आणि दादाचा हात धरून त्याला बसवलं. माठातून पेला भरून आणला. तो पाणी प्यायला, अगदी शेवटच्या घोटापर्यंत. वहिनी येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी समोर जमिनीवर बसलो, ग्राइंडरची वायर बोर्डातून काढली आणि ती हातातच गुंडाळत राहिलो.

दादाने रिकामा पेला माझ्याकडे दिला, मिशा पुसल्या आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मघाचं सगळं एव्हाना त्याच्या चेहऱ्यावरून पुसलं गेलं होतं.

"असे काय बघताय?" त्याने विचारलं. "बोल ना, काय सांगायचंय?"