जुजदानातला तेविसावा भाग

मी तेविसावा भाग बोलतोय. हळू बोलतो, कारण माझी धडधड अजून थांबलेली नाही.

भुतं मारत फिरणाऱ्या एका पोराची ही जपानी चित्रकथा, कित्येक वर्षं चाललेली. आधीच्या सगळ्या भागांत तो गुरूच्या शब्दावर तलवार चालवतो. माझ्यात कळतं, की भुतांचा धनी तो गुरूच! गोष्ट माझ्यापाशी उलटते, म्हणून वाचणारे माझी चातकासारखी वाट बघतात.

अकोल्याच्या एका फुलमळेवाल्याच्या मुलीनं, खुशीनं, मला विकत घेतलं आणि न वाचताच अमरावतीला, राजापेठेतल्या हीनाच्या हाती दिलं. दोघी पूर्वी एकाच ट्यूशनला होत्या, तेव्हापासूनच्या मैत्रिणी. एक भाग आधी एकीनं वाचायचा, पुढचा दुसरीनं, आणि दोघींचा वाचून होईपर्यंत शेवटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा त्यांचा नेम. या वेळी पाळी हीनाची होती.

माझ्या अंगावर शिंगवालं भूत. घरात खाला घाबरेल म्हणून हीनानं मला खाकी कव्हर घातलं, एका बैठकीत वाचलं, डोळे पुसले आणि पलंगावर टाकून क्लासला पळाली. हल्लीच्या पोरींना वस्तू जागेवर ठेवायला काय होतं, देव जाणे.

खाला म्हणजे तिची मावशी, खुर्शीदबी. तिला वाचता येत नाही. आवराआवर करताना तिनं मला उचललं. आम्ही जपानी पुस्तकं उजवीकडून उघडतो, उर्दू किताबांसारखी. पहिलं पान कोरं. "या अल्लाह, दुआ की किताब पलंग पे फेंक दी!" असं म्हणून तिनं मला डोळ्यांना लावलं, जुजदानात, म्हणजे किताबेच्या कापडी पिशवीत घातलं, गाठ मारली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर दुवांच्या किताबांशेजारी ठेवलं.

माझ्या पानोपानी रक्त, दात, मुंडकी. मी अंग चोरून बसलो.

हीनानं घर पालथं घातलं. "खाला, मेरी कॉमिक देखी?"

"वो चित्रोंवाली? नहीं बेटा."

खाला खोटं बोलत नव्हती, हेच तर वाईट. मग खुशीचा फोन आला.

"अजून वाचून नाही झालं का वं?"

"सापडून नाही राहिलं, खुशी. खरंच."

"काहून खोटं बोलून राहिली? कोनाले देऊन टाकलं असन तं तसं सांग!"

त्यानंतर फोन बंद. हीना जेवेनाशी झाली. माझ्यापायी दोघींची दोस्ती मोडत होती आणि मला ओरडताही येत नव्हतं.

एका शुक्रवारी दुपारी खुशी स्वतःच आली, रेल्वेनं बडनेरा स्टेशनला उतरून, पुढं ऑटोनं. "माझं पुस्तक दे, मी चालली," ती दारातूनच म्हणाली. हीना मान खाली घालून उभी. खाला तेव्हा किताबांवरची धूळ पुसत होती. तिनं माझी गाठ सोडली. खाकी कव्हर सरकलं होतं आणि भुताचं एक शिंग बाहेर डोकावत होतं; खालाचं लक्ष मात्र दारातल्या खुशीकडे होतं.

खुशीनं पाहिलं. हीनानंही पाहिलं, तिचा चेहरा पांढराफटक पडला. संपलं, मी मनात म्हणालो. आपण कशाला डोळ्यांना लावलं, इतके दिवस जुजदानात जपलं, ते आता या बाईला कळणार.

खुशी चपला काढून आत आली. मग ती म्हणाली, "खाला, हे किताब मी वाचाले नेऊ का?"

खालाचा चेहरा खुलला. "ले जा बेटा. पहले हाथ धो ले."

खुशीनं मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, पुसले आणि मला दोन्ही हातांनी घेतलं. शिंगावर अंगठा ठेवायला ती विसरली नाही. हीना रडायलाच लागली.

आता मी अकोल्यात आहे. खुशीनं मला वाचून संपवलं. त्या गुरूला शिव्या घालत दोघी तासन्‌तास फोनवर असतात. मला निवांत झोप यायला हवी. पण निघताना खाला म्हणाली होती, "पढ के लौटा देना, इसकी जगह खाली रखूँगी." हीना सांगते, फळीवर किताबांच्या मध्ये तेवढी जागा रिकामी आहे आणि जुजदान धुऊन, इस्त्री करून ठेवलंय. काय करावं, दोघींना सुचत नाही.

खाला, तुझ्याइतक्या मायेनं मला कुणी उचललं नाही. मला परत मागू नकोस.