नाकिबायनं मागून नेलेल्या गोळ्या

नाकिबायला लाज म्हणून नव्हतीच. बेतेरो माडीचं भांडं घेऊन माडावरून उतरतोय न उतरतोय, तोच या मामेभावानं त्याच्याकडे हिपॅटायटिसच्या गोळ्यांची बाटली मागितली. आपल्या माणसानं मागितलं की बेटावर कुणी नाही म्हणत नाही, आणि दिलेलं परत तर मुळीच मागत नाही. बेतेरोनं अख्खी बाटली देऊन टाकली. त्याच्या आईला, तेरेसियाला, हे चार दिवसांनी सुनेकडून कळलं.

ती तडक दवाखान्यात गेली. नर्स मेरेनं कपाळाला हात लावला.

“बेतेरोच्या यकृतावर वण पडलेत, मावशी. म्हणून तर सुरू केल्या. मध्येच तोडल्या तर आजार उसळेल. माझ्याकडे जादा बाटली नाही, राजधानीहून, तारावाहून, बोट यायला अजून सोळा दिवस आहेत.”

“मग त्या नाकिबायला तूच का नाही दिल्यास? माझ्या दारात तरी आला नसता.”

“लागण त्यालाही आहे, पण त्याचं यकृत आज चांगलं आहे. सहा-सहा महिन्यांनी रक्त बघायचं, बिघाड दिसला की सुरू करायचं. एकदा सुरू केल्या की बहुतेक जन्मभर घ्याव्या लागतात. हां, घरात कुणी यकृताच्या गाठीनं गेलं असतं तर आधीच विचार केला असता. विचारलं मी त्याला. म्हणाला, वडील करणीनं गेले.”

तेरेसिया तिथूनच नाकिबायच्या घराकडे वळली. करणीची आवई तिनंच उठवली होती. भावाचं पोट हंड्यासारखं फुगलं, डोळे हळदीसारखे झाले, डॉक्टरनं गाठ म्हणून सांगितलं. पण काविळीचं घराणं म्हटल्यावर तिच्या मुलींना कोण करून घेणार होतं? भावाचं पोरगं मात्र ते पोट बघत वाढलं होतं.

नाकिबाय अंगणात जाळं सांधत बसला होता. भोवती शेजारीपाजारी.

“ये आत्या, बस. मासा भाजलाय.”

“बसायला नाही आले. बाटली आण.”

“दिलेलं परत मागतेस? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. ती माझ्या पोराची आहे, त्याला आज हवी. तू घाबरून मागितलीस, ते कळतं मला. तुझ्या बापाला करणीबिरणी काही नव्हती. यकृताच्या गाठीनं गेला तो, खोटं मी सांगितलं. आता ऊठ आणि दवाखान्यात चल, मेरेला तुझ्यादेखत सांगते. तुझ्या गोळ्या कधी सुरू करायच्या ते ती ठरवेल. तू नाहीस, आणि मीही नाही.”