निळ्या दगडाची परीक्षा

"दगड माणसाशी कधीच खोटं बोलत नाही," असं जाहीर करून दगडोबा साडूच्या काचेच्या कपाटापुढे गुडघे टेकून बसले आणि लगेच हळूच बायकोला म्हणाले, "नंतर मला उठव गं."

खाणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं खनिजं तपासल्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं. दगडांतलं कळतं ते त्यांनाच, हे दोन्ही घरांत ठरलेलं. आणि आता पडद्यांचं दुकान चालवणाऱ्या या साडूच्या कपाटात, खास दिव्याखाली, द्राक्षांच्या घोसासारखा निळा-हिरवा दगड! बायको महिनाभर त्याचेच गोडवे गात होती. घरातल्या तीनशे दगडांवरून तिने आजवर नुसतं फडकं फिरवलं होतं.

"काच असणार. रंगवलेली."

"असेल बुवा," साडू म्हणाला. "आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

ही नम्रता तर अगदीच असह्य होती. मागे वाऱ्याने दार धाडकन आपटलं.

दगडोबांनी दगड तळहातावर तोलला. आकाराच्या मानाने भलताच जड; काच इतकी जड नसते. त्यांचा चेहरा उतरला. तरी खिशातून आम्लाची बाटली काढून त्यांनी ती मेव्हणीने आणलेल्या चहात उभी केली.

"अहो, चहा आहे तो!" बायको ओरडली.

"आम्ल कोमटच लागतं. दगड खरा असला तरच फसफसेल."

त्यांनी कडेला एक थेंब टाकला आणि तो गप्प बसावा म्हणून श्वास रोखून धरला. थेंब बारीक फसफसला.

"जस्ताचं कार्बोनेट," ते पुटपुटले. "जस्ताचं मूळ खनिज जमिनीत झिजतं, पाण्याबरोबर झिरपतं, चुनखडकाला भेटतं आणि हे होऊन बसतं. निळा रंग चिमूटभर तांब्याचा. हजारो वर्षं लागतात... तुम्हाला कुठे सापडला?"

"सापडला काय, तुम्हीच दिलात की! आम्ही हे घर घेतलं तेव्हा. वरून नुसता तपकिरी होता. 'निकामी आहे, दाराला लावा,' म्हणालात. गेल्या महिन्यात पायरीवर पडून फुटला, तर आत हे!"

दगडोबांनी दगड पालथा केला. मागच्या तपकिरी खपलीवर पांढऱ्या रंगात संग्रहाच्या नोंदीचा पुसट आकडा होता. अक्षर त्यांचंच होतं. त्यावर त्यांनी अंगठा ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

बायकोने बाटली चहातून बाहेर काढली.

दार पुन्हा आपटलं.

"साडूभाऊ, एक काम होतं," साडू जरा संकोचून म्हणाला. "तेव्हापासून हे दार फार आपटतंय हो. दुसरा एखादा निकामी दगड असला तर बघाल का?"